मिनिमूगला मिडीची जोड

मिनिमूग मॉडेल डी या सिंथेसायझरचे उत्पादन १९८१ मध्ये थांबले, आणि निरनिराळ्या कंपन्यांच्या वाद्यांना एकमेकांशी बोलता यावे म्हणून ठरवलेल्या ‘मिडी’ या सामाईक संकेतपद्धतीचा पहिला अधिकृत तपशील ऑगस्ट १९८३ मध्ये प्रसिद्ध झाला. केवळ दोन वर्षांच्या या चुकामुकीमुळे, न्यू यॉर्क राज्यातील ट्रुमन्सबर्ग या लहानशा गावी रॉबर्ट मूग यांच्या कारखान्यात जन्मलेले आणि पुढे जगभरच्या ध्वनिमुद्रणगृहांत पोहोचलेले हे वाद्य, आज सामान्य संगणकाला जे कळते ते कळण्यास असमर्थ राहिले. मिनिमूगला संगणकावरून किंवा दुसऱ्या कीबोर्डवरून वाजवायचे असेल, तर त्याच्या पोटात ही भाषा समजणारा एक दुभाषा बसवावा लागतो. या बसवण्याच्या कामाला सोल्डरिंगचे कसब लागते हे खरे, परंतु त्याहून अधिक लागते ती वाद्याची मूळ रचना वाचण्याची दृष्टी, कारण मिनिमूग स्वतःच्या पट्ट्यांकडून आज्ञा कोठे आणि कशी घेतो हे नेमके ओळखल्याशिवाय दुभाष्याला उभे राहायला जागाच सापडत नाही.

हार्मोनियमशी तुलना केली असता ही गोष्ट लवकर स्पष्ट होते. हार्मोनियमची पट्टी दाबली की तिच्याखालील झडप उघडते, भात्यातील हवा स्वरपत्तीवरून वाहते आणि तीच पत्ती थरथरून नाद निर्माण करते. म्हणजे पट्टी आणि नाद यांचे नाते थेट, यांत्रिक आणि न तुटणारे असते. मिनिमूगच्या ४४ पट्ट्यांपैकी एकीचाही नादाशी असा थेट संबंध नाही. नाद तीन ऑसिलेटर, म्हणजे सतत आंदोलने निर्माण करणारी तीन विद्युतमंडले, निर्माण करतात. पट्टी फक्त दोन आज्ञा पाठवते: कोणता स्वर, आणि तो सुरू केव्हा व बंद केव्हा. या दोन आज्ञांखेरीज पट्ट्यांकडून आत काहीही जात नाही, आणि म्हणूनच त्याच दोन आज्ञा दुसऱ्या कोणी अचूकपणे दिल्या तर ऑसिलेटरांना तो फरक कळण्याचे कारण उरत नाही.

पहिली आज्ञा व्होल्टेजच्या रूपात असते. पट्ट्यांखाली समान मूल्याच्या रेझिस्टरांची एक साखळी असून तिच्यातून स्थिर विद्युतप्रवाह वाहत असतो, त्यामुळे साखळीच्या प्रत्येक सांध्यावर आधीच्या सांध्यापेक्षा ठराविक इतकेच अधिक व्होल्टेज मिळते. पट्टी दाबली की तिची स्प्रिंगसारखी बारीक तार त्या सांध्याला एका धातूच्या दांडीशी जोडते आणि ते व्होल्टेज पुढे जाते. प्रमाण असे ठरवलेले आहे की एका सप्तकाला एक व्होल्ट, आणि सप्तकात बारा अर्धस्वर असल्यामुळे एका अर्धस्वराला ८३.३३ मिलिव्होल्ट. स्वर एका सप्तकाने चढतो तेव्हा आंदोलनसंख्या दुप्पट होते, तर व्होल्टेज केवळ एकाने वाढते. बेरजेचे गुणाकारात रूपांतर करण्याचे हे काम ऑसिलेटरमधील ट्रान्झिस्टर करतात, कारण ट्रान्झिस्टरमधील प्रवाह त्यावरील व्होल्टेजच्या घातांकी प्रमाणात वाढतो. हाच गुणधर्म तापमानाला अत्यंत संवेदनशील असल्यामुळे चालू केल्यावर निदान अर्धा तास वाद्य तापू द्यावे लागते, आणि त्याआधी केलेली कोणतीही जुळवणी वाया गेली असे समजावे. पट्टी सोडल्यावरही स्वर हळूहळू विरत असताना उंची ढळू नये म्हणून शेवटचे व्होल्टेज एका कपॅसिटरमध्ये धरून ठेवलेले असते.

दुसरी आज्ञा मूग यांच्या खास पद्धतीची आहे आणि अनुभवी तंत्रज्ञही पहिल्या वेळी येथेच अडखळतात. अन्य बहुतेक वाद्यांत ‘स्वर सुरू’ ही खूण म्हणजे तारेवर काही व्होल्ट येणे. मिनिमूगमध्ये मात्र विसाव्याच्या स्थितीत तारेवर व्होल्टेज असते आणि पट्टी दाबताच ती तार जमिनीशी, म्हणजे शून्य व्होल्टच्या सामाईक बिंदूशी, जोडली जाते. या उलट्या खुणेला एस-ट्रिगर म्हणतात. तिच्यासाठी वाद्याच्या मागे दिलेले दोन चपट्या खिळ्यांचे सॉकेटही ध्वनीच्या नेहमीच्या जॅकपेक्षा वेगळ्या आकाराचे आहे, जेणेकरून चुकीची वायर त्यात जाऊच नये. दुभाष्याच्या बाजूने हे काम एक साधा एनपीएन ट्रान्झिस्टर करतो: त्याचा एमिटर जमिनीला, कलेक्टर एस-ट्रिगरच्या तारेला, आणि बेसला मायक्रोकंट्रोलरकडून, म्हणजे दुभाष्यातील एका आयसीत मावणाऱ्या छोट्या संगणकाकडून, दहा किलोओहमच्या रेझिस्टरमार्गे आज्ञा. सगळ्या जोडणीत एवढा स्वस्त आणि एवढा समाधान देणारा दुसरा भाग नाही.

आता दुभाष्याच्या दुसऱ्या कानाकडे वळावे लागते. मिडीची वायर स्वतः नाद वाहून नेत नाही. तिच्यावरून सेकंदाला ३१,२५० बिट या वेगाने अंक येतात. एखादा स्वर सुरू करण्याच्या संदेशात तीन अंक असतात: आज्ञेचा प्रकार, ० ते १२७ यांमधील स्वरक्रमांक, आणि तितक्याच व्याप्तीचा आघाताचा जोर. स्वरक्रमांकात मधला ‘सी’ म्हणजे ६०, आणि ४४० आंदोलनांचा ‘ए’ म्हणजे ६९. सुरुवातीची व शेवटची खूण धरून प्रत्येक अंकाला दहा बिट लागतात, म्हणून तीन अंकांचा संदेश एका मिलिसेकंदाच्या किंचित आत पोहोचतो. हा संदेश वाद्यात शिरताना विजेच्या रूपात शिरत नाही. पाच खिळ्यांच्या गोल सॉकेटमधून आलेला प्रवाह ऑप्टोआयसोलेटर नावाच्या आयसीमधील एक सूक्ष्म दिवा उजळतो आणि त्या प्रकाशाने आतला प्रकाशसंवेदी भाग जागा होतो. संगणक आणि मिनिमूग यांच्यात अशा रीतीने केवळ प्रकाशाचा संबंध राहतो, आणि दोघांच्या अर्थिंगमधील फरकामुळे ध्वनीत शिरणारी ५० हर्ट्झची घरघर दारातच अडते. १९८३ च्या तपशिलातील हा निर्णय इतका शहाणपणाचा होता की चार दशकांनंतरही त्यात बदल करण्याची गरज भासलेली नाही.

ऑप्टोआयसोलेटर म्हणून बहुधा ६एन१३८ ही सहज मिळणारी आयसी वापरली जाते, पण तिच्याभोवतीचे रेझिस्टर अंदाजाने निवडून चालत नाही. एका बिटची लांबी ३२ मायक्रोसेकंद असते, आणि तपशिलानुसार सिग्नलची चढती व उतरती कड दोन मायक्रोसेकंदांच्या आत पूर्ण व्हायला हवी. रेझिस्टर चुकीचा असेल तर ऑसिलोस्कोपच्या पडद्यावर चौकोनी दिसायला हवी ती लाट साबणाच्या झिजलेल्या वडीसारखी गोलाकार दिसते, आणि वाजवताना मधूनच एखादा स्वर अडकून बसतो, कारण ‘बंद’ असा आलेला संदेश नीट वाचलाच गेलेला नसतो. पुष्कळदा या दोषासाठी प्रोग्रॅमच्या ओळी तपासण्यात तास घालवले जातात, पण दोष असतो एका रेझिस्टरचा.

मिनिमूगच्या मागील बाजूस ऑसिलेटर, फिल्टर आणि आवाजाची पातळी यांच्यासाठी बाहेरून व्होल्टेज देण्याची सॉकेट मुळातच आहेत, तेव्हा दुभाषा बाहेरच्या डबीत ठेवून वायरींनी जोडला तर वाद्य उघडावे तरी कशाला, हा प्रश्न रास्त आहे. संग्राहकाच्या दृष्टीने तो मार्ग निर्धोकही आहे. तथापि त्यात दोन उणिवा राहतात. एक तर बाहेरून आलेले व्होल्टेज पट्ट्यांच्या व्होल्टेजमध्ये मिळवले जाते, त्याची जागा घेत नाही. त्यामुळे कपॅसिटरमध्ये शेवटची जी पट्टी धरून ठेवलेली असेल तिच्याइतका सगळा सूर वर सरकतो, आणि वाजवण्यापूर्वी दर वेळी सर्वांत खालची पट्टी एकदा दाबून घ्यावी लागते. दुसरी उणीव संगीताच्या दृष्टीने अधिक गंभीर आहे. एका स्वरावरून दुसऱ्यावर घसरत जाण्याची, मींडेशी नाते सांगणारी ‘ग्लाइड’ ही सोय पट्ट्यांच्या मार्गात बसवलेली आहे आणि मागच्या सॉकेटमधून आलेले व्होल्टेज तिला वळसा घालून थेट ऑसिलेटरपाशी जाते. ज्या वाद्याची ओळखच मुळी त्याच्या घसरत्या, गाणाऱ्या एकस्वरी आवाजात आहे, त्याला ग्लाइडविना वाजवणे म्हणजे सारंगी गजाऐवजी बोटांनी छेडण्यासारखे आहे. म्हणून आतली जोडणी, पट्ट्यांनंतर पण ग्लाइडच्या आधी, हीच खरी जोडणी.

आत हात घालण्यापूर्वी मात्र वाद्याची प्रकृती पाहावी लागते, आणि या टप्प्यावर घाई करणाऱ्याने पुढचे काम हाती घेऊ नये. अमेरिकेतील वापरासाठी जुळवलेले यंत्र ११५ व्होल्टचे असते. ते आपल्याकडच्या २३० व्होल्टच्या प्लगला तसेच जोडणे म्हणजे अर्ध्या शतकाची ठेव क्षणात गमावणे. पॉवर सप्लायकडून अधिक १० आणि उणे १० असे दोन स्थिर व्होल्टेज मिळायला हवेत, आणि त्यांवर ऑसिलोस्कोप लावल्यावर रेघ सपाट दिसायला हवी. ती लाटांसारखी डोलत असेल तर चार-पाच दशके जुने इलेक्ट्रोलायटिक कपॅसिटर सुकलेले आहेत, आणि ते बदलल्याशिवाय सूर कधीच स्थिर राहणार नाही, मग दुभाषा कितीही अचूक असो.

त्यानंतर पट्ट्यांखालचे संपर्क. प्रत्येक पट्टीखाली केसाहून थोडी जाड स्प्रिंगची तार असते, आणि पट्टी दाबली की ती वाकून दांडीला टेकते. तार आणि दांडी यांवर धूळ, तेलकटपणा आणि ऑक्साइडचा काळपट थर चढला की स्वर तडतडतो, दोनदा सुरू होतो किंवा भलत्याच उंचीवर उडी मारतो. मुंबईसारख्या खाऱ्या, दमट हवेच्या शहरात हा थर अधिक वेगाने चढतो, आणि हा मुद्दा केवळ तात्त्विक नाही, कारण केरसी लॉर्ड यांनी १९७० च्या दशकात मिनिमूग मुंबईच्या हिंदी चित्रपटसंगीतात आणला आणि त्याचा आवाज त्या काळच्या अनेक श्रोत्यांच्या कानी पडला, त्यांना त्या वाद्याचे नाव ठाऊक नसले तरी. स्वच्छतेसाठी धागे न सुटणारे कापड आणि आयसोप्रोपिल अल्कोहोल पुरते. पॉलिश पेपर कधीही लावू नये; संपर्काच्या पृष्ठभागावर मौल्यवान धातूचा जो पातळ मुलामा असतो तो एका घासणीत निघून जातो आणि मग तो संपर्क दर पावसाळ्यात नव्याने काळा पडतो. कापडाची घडी तारेखालून एकाच दिशेने ओढायची, मागे-पुढे नाही, कारण मागे ओढताना तार वाकते आणि वाकलेली एक तार तिच्या शेजारणीच्या आधी टेकू लागते.

प्रत्यक्ष दुभाष्याचे सर्किट तळहातावर मावेल एवढ्या पीसीबीवर उभे राहते: ऑप्टोआयसोलेटर, मायक्रोकंट्रोलर, अंकांचे व्होल्टेजमध्ये रूपांतर करणारी डॅक नावाची आयसी, एक ऑप-अँप, तो ट्रान्झिस्टर आणि मार्ग बदलणारा विजेवरचा स्विच, म्हणजे एक रिले. डॅकसाठी एमसीपी४८२२ ही आयसी विशेष सोयीची ठरते. ती बारा बिटांची, म्हणजे ४,०९६ पायऱ्यांची असून तिचे कमाल व्होल्टेज ४.०९६ आहे, त्यामुळे एक पायरी म्हणजे बरोबर एक मिलिव्होल्ट. ४४ पट्ट्यांमध्ये ४३ अर्धस्वरांचे अंतर, म्हणजे ३.५८ व्होल्ट, त्यात आरामात बसते. सर्वांत खालच्या पट्टीला शून्य धरले तर पुढच्या पट्ट्यांचे आकडे ८३, १६७, २५०, ३३३ असे येतात, ८३.३३ ऐवजी ८३ लिहिल्याने पडणारी चूक एका सेंटच्या अर्ध्याहूनही कमी असते. सेंट म्हणजे अर्धस्वराचा शंभरावा भाग, आणि या प्रमाणात एक मिलिव्होल्ट म्हणजे १.२ सेंट.

हे आकडे मायक्रोकंट्रोलरच्या स्मृतीत एका तक्त्यात लिहिलेले असतात, आणि तक्ता असल्यामुळे तो बदलताही येतो, ही बाब भारतीय संगीताच्या संदर्भात फार मोलाची आहे. आकाशवाणीने १९४० मध्ये हार्मोनियमवर बंदी घातली आणि ती १९७१ पर्यंत टिकली, त्यामागे समान अंतरांवर बसवलेले, न हलणारे स्वर आणि मींडेचा अभाव हेच आक्षेप होते, डॉ. विद्याधर ओक यांच्या २२ श्रुतींच्या हार्मोनियमने त्यांतील पहिल्या आक्षेपाला यांत्रिक उत्तर दिले. मिनिमूगच्या दुभाष्यात तेच उत्तर एका आकड्याने देता येते. षड्जाशी ५:४ या प्रमाणात जुळणारा शुद्ध गंधार समान अंतराच्या गंधारापेक्षा सुमारे १४ सेंट खाली असतो. षड्जाच्या वर ३३३ ऐवजी ३२२ मिलिव्होल्ट लिहिले की तो मिळतो. मींडेसाठी मिडीमध्ये सूर वाकवण्याचा संदेश आहे आणि त्याच्या पायऱ्या १६,३८४ आहेत, पण डॅकच्या पायऱ्या त्याहून जाड असल्याने डॅकनंतर रेझिस्टर व कपॅसिटरची एक लहान जोडी बसवून त्यांच्या कडा गोल कराव्या लागतात. ही जोडी मोठी झाली तर प्रत्येक स्वर आळसावून पोहोचतो, म्हणून तिचा काळ एका मिलिसेकंदाच्या आसपास ठेवणे इष्ट. डॅकचा दुसरा मार्ग फिल्टरला जोडून मिडीतील आघाताचा जोर वापरता येतो, जो मूळ पट्ट्यांना कधीच कळत नव्हता.

प्रोग्रॅम लिहिताना सर्वांत दुर्लक्षित राहणारी गोष्ट म्हणजे स्वरांचा अग्रक्रम. मिनिमूग एका वेळी एकच स्वर वाजवतो, आणि दोन पट्ट्या एकदम दाबल्या तर त्यांतील खालचा स्वर वाजतो. त्यावर पिढ्यान्‌पिढ्यांच्या वादकांनी आपली बोटे घडवली आहेत: वरची पट्टी धरून ठेवायची आणि खालची झटकन दाबून सोडायची, की सूर खाली जाऊन आपोआप वर परततो, एखाद्या मुरकीसारखा. शिवाय सगळी बोटे उचलल्याशिवाय नवा आघात होत नाही. एक तरी पट्टी दाबलेली असेल तोवर पुढचे स्वर एकाच श्वासात ओवले जातात. तयार मिळणारे पुष्कळसे दुभाषे मात्र शेवटी दाबलेल्या स्वराला प्राधान्य देतात आणि काही दर स्वराला नवा आघात करतात. तांत्रिकदृष्ट्या त्यात चूक नाही, परंतु अशा जोडणीनंतर तेच वाद्य परके वाटू लागते. तेव्हा मायक्रोकंट्रोलरने दाबलेल्या सर्व स्वरांची यादी ठेवावी, तिच्यातील सर्वांत लहान क्रमांक डॅकला द्यावा, आणि यादी रिकामी होईपर्यंत एस-ट्रिगरची तार जमिनीला धरून ठेवावी. हे करायला प्रोग्रॅमच्या वीस-पंचवीस ओळी पुरतात.

सर्किटला लागणारे पाच व्होल्ट कोठून घ्यावेत हाही विचाराचा मुद्दा आहे. अधिक १० व्होल्टच्या स्थिर रेषेवर मायक्रोकंट्रोलर लादला तर त्याच्या सततच्या उघडझापीची बारीक कुणकुण फिल्टरमधून ऐकू येऊ शकते, म्हणून वीज स्थिरीकरणाच्या आधीच्या ठिकाणाहून घेऊन स्वतंत्र रेग्युलेटरने उतरवावी, आणि जमिनीची वायर पॉवर सप्लायच्या मूळ बिंदूलाच न्यावी, वाटेतल्या एखाद्या सोयीच्या टोकाला नव्हे.

जुळवणी हा या कामाचा सर्वांत निवांत आणि सर्वांत कष्टाचा भाग आहे. प्रथम मूळ पट्ट्यांवरच ऑसिलेटर लावून घ्यायचा, एकच चालू ठेवून, बाकीचे दोन बंद करून. मग रिलेने मार्ग बदलून दुभाष्याचे आकडे त्याच्याशी जुळवायचे. व्होल्टेज बारीक बदलणारा बहुवळणी प्रीसेट स्क्रूड्रायव्हरने फिरवत खालचा ‘ए’ लावावा तर वरचा हलतो, वरचा लावावा तर खालचा. दोघांमध्ये पाच-सहा फेऱ्या झाल्यावर दोन्ही स्थिरावतात. साधा साडेतीन अंकी मल्टीमीटर येथे फसवतो, कारण तीन व्होल्ट मोजताना त्याचा शेवटचा अंक दहा मिलिव्होल्टचा, म्हणजे बारा सेंटचा असतो, आणि तेवढा बेसूर नवख्या कानालाही खटकतो. कान मात्र अधिक सूक्ष्म मोजतो. ४४० आंदोलनांच्या प्रमाण स्वराबरोबर ऑसिलेटर वाजवला आणि दोघांत एका मिलिव्होल्टचा फरक असला, तर आवाजात दर सव्वातीन सेकंदांनी एक सावकाश लाट येते, तंबोऱ्याची जोडी जुळता जुळता जसा नाद उमलतो आणि मिटतो तशी. प्रीसेटला पाव वळणाहूनही कमी स्पर्श करावा, हात काढावा, लाटा मोजाव्यात, पुन्हा स्पर्श करावा. लाट इतकी लांबावी की पुढची येण्याआधी श्वास घेऊन सोडता यावा.

ज्या वाद्यांत आज्ञेची ही वाट इतकी उघडी नाही, तेथे उपाय वेगळे पडतात. १९८१ च्या कॉर्ग पॉलिसिक्समध्ये सहा स्वर एकदम वाजतात आणि ६१ पट्ट्या मायक्रोप्रोसेसर सतत तपासत असतो, म्हणून तेथे दुभाषा पट्ट्यांचे सोंग तरी घेतो किंवा मूळ प्रोसेसरची जागाच घेतो. त्याआधी स्मृतीसाठी ठेवलेल्या बॅटरीतून पाझरलेल्या क्षाराने खाल्लेल्या रेषा दुरुस्त कराव्या लागतात. १९८२ च्या रोलँड ज्युनो-६० मध्ये कंपनीने स्वतःचीच १४ खिळ्यांची अंकीय वाट ठेवली होती, तेव्हा भाषांतर बाहेरच होते. चरणजित सिंग यांनी १९८२ च्या आपल्या रागांवरील ध्वनिमुद्रिकेसाठी वापरलेल्या रोलँडच्या टीबी-३०३ आणि टीआर-८०८ या यंत्रांत पाच खिळ्यांचे गोल सॉकेट आहे खरे, पण त्यातून केवळ तालाची ठोकेवार खूण जाते. ते मिडी समजून वायर लावणाऱ्यांनी हे ध्यानात ठेवावे.

१९८० च्या दशकात जुन्या मिनिमूगमधील पीसीबी काढून त्या पट्ट्यांविना, मिडीसह, धातूच्या रॅकमध्ये बसवण्याचा व्यवसाय अमेरिकेत चालला. त्या काळी ही यंत्रे जुनीपुराणी मानली जात होती आणि वादकांना आवाज हवा होता, लाकूड नव्हे, हे समजून घेता येते. तरीही त्या रॅकांमुळे जी लाकडी शरीरे रिकामी झाली ती पुन्हा भरणे बहुतेकदा शक्य झाले नाही. म्हणून आजच्या जोडणीत एक शिस्त पाळावी: मूळ पीसीबीवरील एकही रेषा कापू नये, कॅबिनेटला नवे भोक पाडू नये, मिडीचे सॉकेट मागच्या झाकणाच्या जागी बसणाऱ्या नव्या पत्र्यावर लावावे आणि मूळ झाकण मालकाच्या हाती द्यावे. पट्ट्यांकडून येणारी वायर जेथे ग्लाइडकडे जाते, तेथे ती सॉकेटातून सुटी करून मध्ये रिले घालावा, आणि रिलेचे विसाव्याचे टोक पट्ट्यांना जोडावे, म्हणजे दुभाष्याची वीज गेली तरी वाद्य आपल्या हातांनी वाजत राहते. दुभाषा पूर्णपणे काढायचा झाला तर तेच दोन बिंदू पुन्हा जोडणारा एक छोटा प्लग लागतो. तो प्लग, जोडणीची हाताने काढलेली आकृती, तक्त्यातील आकडे आणि जुळवणीची तारीख लिहिलेला कागद, असे सारे एका लखोट्यात घालून तो पट्ट्यांखालच्या लाकडी तळाला, पुढच्या दुरुस्ती करणाऱ्याला झाकण उघडताच दिसेल असा, चिकटवला जातो, आणि मग मागचे स्क्रू एकेक करून, कर्णरेषेने, बसवले जातात.